दुसरा सीपीयू खरंच तयार आहे का? रिडंडंट पीएलसीवर लक्ष ठेवण्याची रीत

रिडंडंट पीएलसी म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये एकाऐवजी दोन सीपीयू. त्याच्या स्क्रीनने ऑपरेटरला एका प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे: आत्ता, या मिनिटाला, चालू असलेला सीपीयू बंद पडला तर दुसरा प्लांट सांभाळेल का? हो किंवा नाही. बाकीची माहिती दुसऱ्या पानावर गेली तरी चालेल. मी बडोद्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते. नंदेसरी, मकरपुरा, कधी दहेजपर्यंत जाणं होतं. रिडंडंट पॅनल असलेल्या बऱ्याच ठिकाणी मला स्काडावर, म्हणजे देखरेखीच्या स्क्रीनवर, 'सीपीयू १ चालू' आणि 'सीपीयू २ चालू' असे दोन हिरवे चौकोन दिसतात. प्लांट आत्ता चालू आहे एवढंच ते सांगतात. तो चालू आहे हे तर खिडकीतूनही दिसतं.

हे लिहितेय ते डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकतेच शिफ्टला लागलेल्या मुलामुलींसाठी. लॅडर तुम्हाला येतं, स्काडावर टॅगही जोडता येतो, पण जोडीतला पीएलसी पहिल्यांदाच हाताशी आलाय. त्यावर लक्ष ठेवायची व्यवस्था उभी कशी करायची ते सांगते.

आधी एक हिशेब

समजा, एक सीपीयू रॅक सरासरी १० वर्षांतून एकदा बंद पडतो. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरलाय. १० वर्षं म्हणजे ८७,६०० तास. आता स्टँडबाय, म्हणजे तयार बसलेला दुसरा सीपीयू, बंद पडला, तेव्हाच अलार्म आला, आणि ८ तासांच्या आत कार्ड बदलून जोडी पुन्हा जुळवली. त्या ८ तासांत पहिलाही बंद पडण्याची शक्यता साधारण ११ हजारांत एक. तोच स्टँडबाय गेलेला कुणालाच कळला नाही आणि सहा महिन्यांनी शटडाऊनमध्ये उघडकीला आला, तर शक्यता होते वीसात एक. दोन्ही वेळेला कार्ड तेच, केबल तीच आणि खर्चही तेवढाच. फरक आहे तो फक्त कळण्यातला.

म्हणून मी कारखानदारांना सांगते की दुसऱ्या सीपीयूवर जे पैसे खर्च केलेत त्यांचं चीज होतं ते या एका अलार्मने. स्टँडबाय बंद पडला की प्लांटला काहीच होत नाही. प्रेशर हलत नाही, व्हॉल्व्ह हलत नाही, पंप चालूच राहतो. आपण मुद्दाम शोधला नाही तर हा बिघाड स्वतःहून समोर येत नाही.

रसायनांच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मला वेगळ्याच कामासाठी बोलावलं होतं. एक फ्लो ट्रान्समीटर चुकीचं दाखवत होता. काम झाल्यावर सवयीप्रमाणे कंट्रोल पॅनल बघायला गेले. बोर्डावरच्या ऑपरेटरने स्क्रीन दाखवली, "बेन, बधुं बराबर छे, जुओ, बन्ने लीलां छे." दोन्ही चौकोन खरंच हिरवे होते. मागच्या खोलीत जाऊन पॅनलचं दार उघडलं. वरच्या रॅकमधल्या रिडंडन्सी मॉड्यूलच्या छोट्या डिस्प्लेवर 'पीआरआयएम' अशी चार अक्षरं स्थिर होती, म्हणजे हा प्रायमरी, प्लांट चालवणारा. खालच्या रॅकमध्ये त्याच जागी 'एसवायएनसी', म्हणजे जुळलेला, दिसायला हवं होतं. तिथे होतं 'डीआयएसक्यू'. म्हणजे खालचा रॅक अपात्र ठरलेला. त्याला वीज होती, नेटवर्क होतं, बाहेरून पाहणाऱ्याला तो जिवंतच वाटत होता, पण प्रायमरी गेला असता तर त्याने काहीही उचललं नसतं. मधल्या शटडाऊनमध्ये एक कम्युनिकेशन कार्ड बदललं होतं आणि नव्या कार्डाचं फर्मवेअर वरच्या रॅकमधल्या कार्डाशी जुळत नव्हतं. स्काडावरचे चौकोन दोन्ही रॅकच्या इथरनेट कार्डांना पिंग करून रंगवलेले होते. कार्ड उत्तर देत होतं, म्हणून चौकोन हिरवा.

पिंगवर कधीच विसंबू नका. पिंगला उत्तर मिळालं याचा अर्थ इथरनेटचं कार्ड जागं आहे एवढाच.

काय वाचायचं

कोणत्याही कंपनीची जोडी असो, मी पाच गोष्टी प्रोग्राममध्ये गोळा करते. पहिली, जोडीदार तयार आहे का. दुसरी, दोघांमधली सिंक लिंक धड आहे का, आणि दोन असतील तर दोन्ही वेगवेगळ्या बघायच्या. तिसरी, फील्डकडे जाणारे आयओचे (सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या सिग्नलचे) दोन्ही रस्ते उघडे आहेत का. चौथी, सध्या प्रायमरी कोण. आणि पाचवी, जिच्याकडे फार लोक बघत नाहीत: तो प्रायमरी प्रत्यक्षात कोणत्या कपाटात बसलाय.

या पाचव्या गोष्टीवर मी अडून बसते. प्रायमरी आणि सेकंडरी ही भूमिका आहे, ती बदलत राहते. कपाट बदलत नाही. रात्री तीन वाजता कुणी फोनवर सांगतं, "ताई, सेकंडरीचं कार्ड काढू का?" आणि मधे एकदा स्विचओव्हर, म्हणजे भूमिकांची अदलाबदल, होऊन गेलेला असतो, तेव्हा 'सेकंडरी' म्हणजे वरचा की खालचा हे दोघांच्या डोक्यात वेगळं असू शकतं. चुकीचं कार्ड हातात आलं तर प्लांट बसतो. त्यामुळे कपाटांना ए आणि बी अशी कायमची नावं द्या. मोठ्या अक्षरांत, दाराच्या आत आणि बाहेर लिहा. स्क्रीनवरही 'ए प्रायमरी, बी तयार' अशीच भाषा वापरा.

अॅलन-ब्रॅडलीचा कंट्रोललॉजिक्स

आमच्या भागात हा बराच भेटतो. सोयही चांगली आहे. दोन सारखे रॅक, प्रत्येकात १७५६-आरएम२ हे रिडंडन्सी मॉड्यूल, मधे फायबर. आयओ या रॅकमध्ये बसवत नाहीत, ते वेगळ्या रॅकमध्ये असतात. प्रोग्राममध्ये जीएसव्ही (कंट्रोलरची आतली माहिती वाचणारी) इन्स्ट्रक्शन घ्या, क्लासमध्ये 'रिडंडन्सी' निवडा आणि 'चासी रिडंडन्सी स्टेट' हे अॅट्रिब्यूट एका आयएनटी टॅगमध्ये वाचा. हेक्समध्ये २ आलं तर प्रायमरी चालू आणि सेकंडरी जुळलेला. ३ म्हणजे प्रायमरी चालू पण सेकंडरी अपात्र. ४ म्हणजे सेकंडरी नाहीच. तुमचा 'हो' फक्त २ ला. बाकी कोणताही आकडा आला की 'नाही'. लॉजिक याच दिशेने लिहा, कारण '३ आणि ४ ला अलार्म' असं लिहिलंत तर उद्या तिसराच आकडा आला की तो गुपचूप निसटेल.

त्याच क्लासमधलं 'फिजिकल चासी आयडी' वाचा. १ म्हणजे चासी ए, २ म्हणजे चासी बी. स्विचओव्हर झाला तरी रॅकची ही ओळख बदलत नाही, त्यामुळे वर म्हटलेली पाचवी गोष्ट इथे आयती मिळते. जोडीदाराचा मोड, त्याचे मायनर फॉल्ट आणि किल्लीच्या जागेचा अलार्म हेही तिथेच आहेत. किल्लीचा अलार्म जरूर घ्या. कुणी प्रोग्राम उतरवायला एका कंट्रोलरची किल्ली फिरवतो, काम संपतं आणि किल्ली तशीच राहते, असं सगळीकडे घडतं.

सेकंडरीमधून थेट टॅग वाचायच्या भानगडीत पडू नका. जे विचारायचं ते प्रायमरीला विचारा, तो जोडीदाराबद्दल सांगतो.

नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर कम्युनिकेशन कार्डांचे डिस्प्लेही बोलतात. प्रायमरी रॅकमध्ये 'पीडब्ल्यूक्यूएस' म्हणजे जोडीदार पात्र आहे, 'पीडब्ल्यूडीएस' म्हणजे अपात्र, 'पीडब्ल्यूएनएस' म्हणजे जोडीदारच नाही. सेकंडरीत 'क्यूएस' दिसलं की निर्धास्त व्हा. रिडंडन्सी मॉड्यूलवर 'क्यूएफएनजी' आलं तर जुळणी चालू आहे, हात लावू नका. आणि खोलात जायचं असेल तर आरएमसीटी हे टूल उघडा. त्यात दोन्ही मॉड्यूलच्या घटनांची नोंदवही असते, जोडी का तुटली ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मात्र मॉड्यूलचं घड्याळ आधी लावलेलं हवं, नाहीतर नोंद सापडते आणि वेळ जुळत नाही.

सीमेन्स

एस७-४००एच जुना झाला तरी बऱ्याच प्लांटमध्ये अजून तोच चालतो. दोन सीपीयू, प्रत्येकात दोन सिंक मॉड्यूल, मधे दोन फायबर. आधी दिव्यांवरून सांगते, कारण रात्रपाळीत आधी दिवेच दिसतात. 'आरईडीएफ' विझलेला असेल तर जोडी जुळलेली आहे. तो स्थिर पेटला की सीपीयूंची जोडी तुटली, किंवा आयओच्या बाजूची तरी. सावकाश लुकलुकत असेल तर लिंक-अप चालू आहे, भरभर लुकलुकत असेल तर अपडेट चालू आहे. 'आयएफएम१एफ' आणि 'आयएफएम२एफ' हे पहिल्या आणि दुसऱ्या सिंक मॉड्यूलचे बिघाड. 'एमएसटीआर' ज्याच्यावर पेटलाय तो मास्टर, आणि 'रॅक०', 'रॅक१' हे दिवे कपाटाची ओळख सांगतात.

प्रोग्राममध्ये दोन जागी लक्ष ठेवा. ओबी म्हणजे ठराविक घटना घडली की आपोआप धावणारा प्रोग्रामचा भाग. ओबी७२ हा सीपीयूची जोडी तुटली, मास्टर बदलला, सिंक बिघडलं की धावतो. ओबी७० आयओच्या बाजूची जोडी तुटली की धावतो, म्हणजे एखाद्या ईटी२००एमच्या (वेगळ्या आयओ रॅकच्या) दोन आयएम१५३-२ कार्डांपैकी एकाचा रस्ता बंद झाला की. पुष्कळ प्रोग्राममध्ये हे दोन्ही ओबी नुसते रिकामे टाकलेले असतात. त्यांत निदान एक बिट उचला, वेळ नोंदवा आणि स्काडाला पाठवा.

पण फक्त ओबीवर राहू नका. ओबी ही घटना आहे, घडली त्या क्षणी धावते. स्काडा तेव्हा बंद असेल किंवा तुमचा बिट कुणी रिसेट केला असेल, तर बिघाड तसाच राहतो आणि स्क्रीन स्वच्छ दिसते. त्यासाठी एसएफसी५१ हे तयार फंक्शन वापरून सिस्टीम स्टेटस लिस्टमधली हेक्स ७१ क्रमांकाची यादी ठराविक वेळाने वाचत राहा. एच सिस्टीमची सध्याची स्थिती तिच्यात असते. कोणता बाइट काय सांगतो ते मॅन्युअलमधून घ्या, ऐकीव माहितीवर बिट जोडू नका. घटना ओबीतून आणि स्थिती यादीतून, असे दोन्ही घेतलेत की एक चुकलं तरी दुसरं पकडतं.

नवीन एस७-१५००आर आणि एच मध्ये भाषा जास्त सरळ आहे. पूर्ण सिस्टीमची स्थिती 'रन-रिडंडंट' किंवा 'रन-सोलो' अशी असते, आणि जुळणी चालू असताना 'सिंकअप'. ओबी७२ इथेही आहे. कोण प्रायमरी हे विचारायला 'आरएच गेट प्रायमरी आयडी' ही इन्स्ट्रक्शन आहे, ती १ किंवा २ असा रिडंडन्सी आयडी देते. आर प्रकारात एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिथे वेगळे सिंक फायबर नसतात, दोन सीपीयूंमधलं बोलणं प्रोफिनेटच्या रिंगवरूनच होतं. रिंग एका जागी तुटली तर काहीच थांबत नाही, पण दुसऱ्या जागी तुटली की एका फटक्यात पंचाईत. म्हणून आर प्रकारात रिंग तुटल्याचा अलार्म हा जोडीचाच अलार्म समजा, 'नेटवर्कवाल्यांचा' म्हणून बाजूला टाकू नका.

श्नायडरचं थोडक्यात सांगते, कारण माझ्या हाताखालून ते कमी गेलंय. क्वांटममध्ये %एसडब्ल्यू६१ हा सिस्टीम शब्द वाचा. पहिले दोन बिट स्वतःची स्थिती, पुढचे दोन जोडीदाराची; १ ऑफलाइन, २ प्रायमरी, ३ स्टँडबाय. प्रायमरीतून वाचलंत तर स्वतःचे २ आणि जोडीदाराचे ३ हवेत. एम५८० मध्ये हॉट स्टँडबायसाठी तयार डेटा स्ट्रक्चर मिळतं, त्यात आपली आणि जोडीदाराची स्थिती आणि दोघांमधल्या लिंकचा बिघाड वेगवेगळा वाचता येतो.

अलार्म कसा लावायचा

टॅग मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. अर्धी मेहनत इथून पुढे आहे.

जोडी तुटल्याचा अलार्म पहिल्या प्राधान्याचा करू नका. पहिलं प्राधान्य म्हणजे ऑपरेटरने धावत जाऊन प्रोसेस सांभाळायची. इथे प्रोसेस चालू आहे, तिला धोका आहे तो पुढचा. पण त्याला 'माहिती'च्या यादीतही ढकलू नका, तिथे तो शेकडो ओळींखाली गाडला जातो. मी मधलं प्राधान्य देते, आणि अलार्मच्या मजकुरातच काय करायचं ते लिहिते. 'रिडंडन्सी फॉल्ट' या दोन शब्दांनी कुणाला काही कळत नाही. 'बी कपाटाचा सीपीयू तयार नाही. याच पाळीत इन्स्ट्रुमेंटला कळवा. ए कपाटाला हात लावू नका.' असं लिहा. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण आता सगळा प्लांट ए वर उभा आहे. आयएसए-१८.२ हे अलार्मचं मानक हेच मागतं: ज्यावर ऑपरेटरने काही करायचं आहे तोच अलार्म.

भाषा ऑपरेटरला विचारा. आमच्याकडे बोर्डावर गुजराती बोलणारे जास्त, मेंटेनन्समध्ये मराठी आणि हिंदीही. एका ठिकाणी मी हा एकच अलार्म गुजरातीतून टाकून घेतला, बाकी सगळे इंग्रजीतच आहेत. ज्याला तो रात्री वाचायचाय त्याला वाचता आला पाहिजे.

वेळेचा डिले थोडा ठेवा, मी १० सेकंद ठेवते. क्षणभराच्या हालचालीवर अलार्म वाजायला लागले की माणसं ते न वाचताच दाबतात. जुळणी चालू असल्याची स्थिती वेगळी दाखवा, पिवळ्या रंगात, 'बी तयार होतोय' अशी, आणि तिला मुदत घाला. तुमच्या सिस्टीमला जुळायला किती वेळ लागतो तो एकदा घड्याळ लावून मोजा, त्याच्या दुप्पट मुदत द्या. तेवढ्यात जुळलं नाही तर तोही अलार्म. जुळणी अर्ध्यात अडकून दिवसेंदिवस पिवळं राहिलेलं मी पाहिलंय, आणि पिवळ्याची डोळ्यांना फार लवकर सवय होते.

अलार्म लॅच करा. जोडी तुटून आपोआप परत जुळली तरी कुणीतरी पाहिल्याशिवाय तो पुसला जाता कामा नये. पहाटे पाच मिनिटं तुटून परत जुळणारी जोडी बहुधा सैल कनेक्टर किंवा मरायला आलेला पॉवर सप्लाय सांगत असते.

स्विचओव्हरची मोजणीही ठेवा. प्रायमरीची ओळख बदलली की काउंटर एकने वाढवा आणि वेळ लिहा. ठरवून केलेला नसताना तो वाढला, तर प्लांट सुखरूप आहे म्हणून सोडून देऊ नका. सिस्टीमने तुम्हाला वाचवलंय. कशापासून वाचवलं ते शोधून काढायला हवं.

स्काडाची बाजू

इथे एक सापळा आहे. पीएलसीशी संपर्कच तुटला तर स्काडावर शेवटची किंमत तशीच राहते, आणि ती हिरवी असते. टॅगची क्वालिटी खराब झाली की चौकोन करडा व्हायलाच हवा. शिवाय पीएलसीत दर सेकंदाला वाढणारा एक आकडा ठेवा आणि स्काडाला तो बदलतोय का ते बघायला सांगा. आकडा थांबला तर अलार्म स्काडाने स्वतः उठवायचा. तिसरं म्हणजे, पॉवर सप्लायला स्थिती सांगणारा रिले कॉन्टॅक्ट असेल तर तो तारेने थेट अनन्सिएटरला (दिवे-भोंग्याच्या अलार्म पॅनलला) द्या. पीएलसी, नेटवर्क, स्काडा यांपैकी काहीही चालू नसताना बोलणारी एक तरी तार असावी.

सगळ्यांची घड्याळं एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवर आणा. कंट्रोलर, स्काडा, स्विच, सगळी. जोडी आधी तुटली की वीज आधी गेली हे दोन सेकंदांच्या फरकावरून ठरतं.

जे दोघांत एकच आहे

दोन सीपीयूंवर लक्ष ठेवताना त्यांच्या सामाईक गोष्टी नजरेआड होतात. वीज आधी बघा. ड्रॉइंगवर दोन यूपीएस असतात, प्रत्यक्षात दोन्ही फीडर एकाच डीबीतून (वीजवाटपाच्या पेटीतून) निघालेले असू शकतात. ड्रॉइंगवर विश्वास न ठेवता तार बोटाने धरून एमसीबीपर्यंत जा. फायबर तसंच: दोन्ही सिंक केबल एकाच ट्रेमधून नेल्या असतील तर एक उंदीर किंवा वेल्डिंगची एक ठिणगी दोघींना पुरते. पावसाळ्यात उंदीर पॅनलमध्ये शिरतात. केबलच्या भोकांना ग्लँड आणि सीलिंग नसेल तर हे होणारच.

आणि हवा. बडोद्याच्या रासायनिक वसाहतींत काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, आम्लाच्या वाफा अगदी थोड्या प्रमाणातही तांबं आणि चांदी खातात, आणि ऑगस्टमधला दमटपणा त्यांना साथ देतो. दोन्ही रॅक एकाच खोलीत, एकाच हवेत श्वास घेतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेगाने म्हातारे होतात. अशा वेळी वीसात एकचा हिशेबही भाबडा ठरतो, कारण तो दोघांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरून केलेला असतो. आयएसए-७१.०४ या मानकात तांब्याच्या पट्टीवर महिन्याला किती थर चढतो यावरून हवेचे वर्ग पाडलेत. ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर जी१, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला सोसणारी हवा. तांब्याची आणि चांदीची कूपन पट्टी महिनाभर पॅनलच्या खोलीत टांगून तपासायला पाठवा. एवढं जमलं नाही तर निदान अर्थिंगच्या उघड्या तांब्याकडे बघा. ते काळं पडलं असेल तर कार्डांच्या कॉन्टॅक्टचंही तेच चाललंय. खोलीत बाहेरपेक्षा थोडा जास्त हवेचा दाब आणि केमिकल फिल्टर यावरचा खर्च सीपीयूच्या किमतीपुढे काहीच नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा लोक पॅनलचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावतात, तेही बंद करा. थंडावा मिळतो आणि वायू आत जातो. पॅनलमधलं तापमान मोजणारा एक सेन्सर टाका आणि तोही याच रिडंडन्सीच्या पानावर दाखवा.

प्रत्यक्ष चाचणी

स्क्रीन 'तयार' म्हणते हे खरं की नाही, ते स्विचओव्हर करूनच कळतं. मी वर्षातून एकदा तरी करायला लावते, आणि कार्ड किंवा फर्मवेअर बदललं की दर वेळी. परमिट काढा, प्रोडक्शनला आधी सांगा, फील्डमध्ये महत्त्वाच्या व्हॉल्व्हपाशी माणूस उभा करा, आणि जे लागू झाले तर ट्रिप होऊ शकते त्या इंटरलॉकचं काय करायचं ते प्रोसेसवाल्यांशी लेखी ठरवा.

आधी सॉफ्टवेअरमधून आज्ञा देऊन स्विचओव्हर करा. तो नीट झाला, जोडी पुन्हा जुळली, की मग खरी चाचणी: चालू प्रायमरीची वीज एमसीबीने बंद करा. आज्ञेने केलेल्या स्विचओव्हरमध्ये दोघेही शुद्धीवर असतात. खरा बिघाड असा विचारून येत नाही. या वेळी काय बघायचं? पीआयडीचं आउटपुट उडी मारतं का, ट्रेंडवर झूम करून पाहा. एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) किती सेकंद कोरा राहतो तो मोजा, कारण तितका वेळ ऑपरेटर आंधळा असतो आणि ते त्याला आधीच माहीत हवं. कोणत्या तिसऱ्या सिस्टीमचा संपर्क तुटून परत जोडला गेला नाही ते बघा. मॉडबसने जोडलेली पॅकेज युनिट इथे हमखास अडकतात. आणि सर्वांत मुख्य, तुम्ही लावलेला अलार्म वाजला का, आणि बोर्डावरच्या माणसाने तो वाचून बरोबर कपाटाचं नाव सांगितलं का. ही शेवटची गोष्ट त्याला आधी न सांगता तपासा. चूक निघाली तर रागावू नका, मजकूर बदला.

चाचणी झाल्यावर प्रायमरी परत ए वर आणायचा आग्रह बरेच जण धरतात. मी धरत नाही. या वर्षी ए वर, पुढच्या वर्षी बी वर राहू द्या. मग दोन्ही बाजू सगळा प्लांट ओढू शकतात हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

रोजच्या फेरीत पॅनल उघडून दिवे बघायला दोन मिनिटं लागतात. ती अलार्म असूनही करा. लॉगबुकात 'ओके' लिहू नका, दिसलं ते लिहा: 'ए पीआरआयएम, बी एसवायएनसी, दोन्ही पॉवर सप्लाय हिरवे, पॅनल २६ अंश.' ओके लिहिणारा न बघताही लिहू शकतो. डिस्प्लेवरची अक्षरं उतरवून घ्यायची तर दार उघडावंच लागतं. त्याच दाराच्या आत एक कागद लॅमिनेट करून चिकटवा. नीट असताना काय दिसतं त्याचा फोटो, बिघडल्यावर कोणत्या कपाटाला हात लावायचा नाही ती ओळ, आणि जुळायला तुमच्या सिस्टीमला लागणारी मिनिटं, तुम्ही स्वतः मोजलेली. कार्ड किंवा फर्मवेअर बदललंत की फोटो त्याच दिवशी नवा काढून लावा आणि कोपऱ्यात तारीख घाला.